मंदीचा आजार ओळखणारा शल्यविशारद : डॉ. नॉर्मन बेथ्यून

मंदी आली की वर्तमानपत्रांची पहिली पाने शेअर बाजाराच्या आकड्यांनी भरून जातात. कोणत्या बँकेचे किती बुडाले, कोणत्या उद्योगपतीची संपत्ती किती घटली, सरकार उद्योगांना किती सवलती देणार, यावर दिवसरात्र चर्चा झडतात. परंतु ज्याची मजुरी बुडाली त्याच्या शरीराचे काय होते? त्याच्या लेकरांच्या ताटात काय उरते? आजारी पडल्यावर दवाखान्याची पायरी चढण्याची हिंमत त्याच्यात राहते काय? हे प्रश्न अर्थतज्ज्ञांच्या चर्चेत क्वचितच येतात. १९३० च्या दशकातील जागतिक महामंदीत एका नामांकित शल्यविशारदाने हेच प्रश्न आपल्याच व्यवसायबंधूंच्या सभेत उभे राहून विचारले. त्यांचे नाव डॉ. नॉर्मन बेथ्यून.

महाराष्ट्राला बेथ्यून माहीत आहेत ते सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांमुळे. चीनच्या डोंगराळ भागात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करता करता मेलेला परदेशी डॉक्टर, एवढीच त्यांची ओळख आपल्याकडे आहे. परंतु चीनला जाण्यापूर्वी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात त्यांनी जी लढाई लढली ती आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. कारण ती लढाई तोफांशी नव्हती. गरिबाच्या आजाराचे मूळ जंतूत किती आणि व्यवस्थेत किती, याचा हिशेब मागणारी ती लढाई होती.

बेथ्यून यांचा जन्म मार्च १८९० मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ग्रेव्हनहर्स्ट या गावी झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक, तर आजोबा टोरांटोतील नावाजलेले शल्यविशारद. अशा घरातला हा मुलगा १९११ साली जंगलातील लाकूडतोड्यांच्या छावणीत गेला. दिवसा त्यांच्याबरोबर कुऱ्हाड चालवायची आणि रात्री त्यांना लिहायला-वाचायला शिकवायचे, असा त्याचा दिनक्रम होता. पहिले महायुद्ध सुरू होताच वैद्यकीय शिक्षण अर्धवट टाकून ते जखमींना स्ट्रेचरवरून उचलून नेणाऱ्या तुकडीत दाखल झाले. १९१५ साली बेल्जियममधील ईप्र येथे तोफगोळ्याचे तुकडे पायात घुसून ते जखमी झाले. मायदेशी परतून त्यांनी १९१६ साली वैद्यकीय पदवी घेतली, पुढे नौदलात सेवा केली, इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. १९२३ साली फ्रान्सिस पेनी यांच्याशी विवाह झाला आणि १९२४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटार-कारखान्यांच्या शहरात त्यांनी दवाखाना थाटला.

१९२६ साली त्यांना स्वतःलाच क्षयरोगाने गाठले. त्या काळी क्षय म्हणजे मृत्यूची नोटीसच होती. आज आपण सहा महिन्यांच्या गोळ्यांची भाषा बोलतो, पण क्षयावरचे पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले ते १९४३ साली. त्याआधी उपचार म्हणजे महिनोन्‌महिने विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार. जरा विचार करा, हातावर पोट असलेला कोणता मजूर वर्षभर पलंगावर पडून राहू शकतो? अंडी, दूध आणि लोणी त्याला कोण आणून देणार? क्षय छातीत शिरताना जात किंवा दर्जा विचारत नव्हता, पण बरा होऊन बाहेर कोण पडणार हे रोग्याच्या ऐपतीवरच ठरत होते.

बेथ्यून डॉक्टर होते म्हणून त्यांना न्यूयॉर्क राज्यातील सॅरानॅक लेक येथील ट्रूडो आरोग्यधामात जागा मिळाली. तिथे त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतींवर स्वतःच्या आजाराची चित्रमालिका काढली आणि शेवटी मृत्यूही रंगवला. पत्नीलाही त्यांनी आपल्या बंधनातून मोकळे केले. मग एके दिवशी वाचनालयातील पुस्तकात त्यांना निकामी फुप्फुसाला हवेच्या दाबाने मिटवून विश्रांती देण्याची पद्धत आढळली. धोका असल्यामुळे डॉक्टर मंडळी कचरत होती. बेथ्यून यांनी हट्ट धरून ती स्वतःवर करवून घेतली. १९२७ च्या अखेरीस ते आरोग्यधामातून चालत बाहेर पडले.

या पुनर्जन्मानंतर त्यांनी उरलेले आयुष्य क्षयाविरुद्ध लावायचे ठरवले. १९२८ साली मॉन्ट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात डॉ. एडवर्ड आर्चिबाल्ड यांच्या हाताखाली ते छातीची शस्त्रक्रिया शिकले. हात जलद होता आणि डोके त्याहून जलद. जुनी हत्यारे त्यांना पटेनात, म्हणून त्यांनी नवी घडवली. बरगडी कापण्याची त्यांच्या नावाची कात्री पुढे जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत गेली. १९३३ साली मॉन्ट्रियलजवळच्या साक्रे-कर रुग्णालयात ते छाती-शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. मान, पैसा, प्रतिष्ठा सारे काही दारात आले होते.

नेमक्या याच वर्षांत कॅनडा महामंदीच्या तळाशी पोहोचला होता. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि त्याचे हादरे गहू, लाकूड आणि कागद विकून जगणाऱ्या या देशाला सर्वांत जोराने बसले. १९३३ साली कॅनडातील काम करणाऱ्या दर चार माणसांमागे एकाहून अधिक बेकार होता. लोकसंख्येचा सुमारे पाचवा हिस्सा सरकारी मदतीवर तगून होता. बेकार तरुणांचा असंतोष शहरांत नको म्हणून सरकारने त्यांना दूरच्या छावण्यांत पाठवले आणि दिवसाला २० सेंट एवढ्या क्षुल्लक भत्त्यावर रस्ते व जंगल तोडण्याच्या कामाला जुंपले. १९३५ साली हे बेकार राजधानीवर मोर्चा घेऊन निघाले तेव्हा १ जुलै रोजी रेजायना शहरात पोलिसी बळाने त्यांना अडवण्यात आले.

या काळात बेथ्यून यांच्या टेबलावर जे रोगी येत होते त्यांच्याकडे पाहून त्यांची अस्वस्थता वाढत गेली. अवघड शस्त्रक्रिया यशस्वी होई, रोगी बरा होऊन घरी जाई आणि काही महिन्यांनी तोच रोगी पुन्हा खोकत दारात उभा राही. फुप्फुस दुरुस्त करून डॉक्टरांनी त्याला परत पाठवले होते ते त्याच अंधाऱ्या खोलीत, त्याच उपासमारीत. काही जण तर येतच इतके उशिरा की शस्त्राने करण्यासारखे काही उरलेले नसे. फीच्या भीतीने त्यांनी वर्षभर खोकला अंगावर काढलेला असे.

मंदी माणसाच्या फुप्फुसापर्यंत कशी पोहोचते, हे इथे समजून घेतले पाहिजे. क्षयाचे जंतू असंख्य माणसांच्या शरीरात निपचित पडून असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर आजार होत नाही. शरीराची ताकद त्यांना दाबून ठेवते. मजुरी गेली की आधी ताटातले दूध आणि मांस जाते, मग भाजी जाते, शेवटी पोटभर भाकरीही जाते. भाडे परवडत नाही म्हणून दोन कुटुंबे एका खोलीत राहू लागतात, कोळसा परवडत नाही म्हणून खिडक्या बंद ठेवल्या जातात. एकाचा खोकला सगळ्यांचा होतो. डॉक्टरकडे जाणे पुढे ढकलले जाते आणि मिळेल ते काम हातचे जाऊ नये म्हणून आजारी माणूस आजार लपवून कामावर जातो. या साखळीत जंतू हा एकच दुवा आहे. बाकीचे सगळे दुवे माणसांनी घडवलेले आहेत. क्षयाचे श्रीमंतांचा आणि गरिबांचा असे दोन प्रकार असून श्रीमंत वाचतो व गरीब मरतो, हा निष्कर्ष बेथ्यून यांनी वैद्यकीय नियतकालिकातच मांडला, तोही महामंदीच्या ऐन भरात, १९३२ साली.

त्यांनी आपल्या परीने दानधर्मही करून पाहिला. मॉन्ट्रियलच्या व्हर्डन या कामगार वस्तीत ते बेकारांना मोफत तपासू लागले. गरीब मुलांसाठी त्यांनी चित्रकार फ्रिट्झ ब्रँटनर यांच्या साथीने आपल्या राहत्या घरात चित्रकलेची शाळा उघडली. परंतु एका डॉक्टरच्या दयेने शहर बरे होत नाही, हे त्यांना लवकरच कळून चुकले. रोग्यांकडे द्यायला पैसे नाहीत म्हणून डॉक्टर रिकामे, आणि डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत म्हणून रोगी घरात पडून, असा हा विचित्र पेच होता. गोदामात गहू आणि रस्त्यावर भुकेले लोक, या मंदीच्या चित्राचीच ही दुसरी बाजू होती.

१९३५ च्या ऑगस्टमध्ये लेनिनग्राडला शरीरशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली. बेथ्यून तिला गेले खरे, पण त्यांचा वेळ गेला तो तिथली क्षय रुग्णालये आणि आरोग्यधामे पाहण्यात. रोग्याच्या खिशाकडे न पाहता उपचार करणारी व्यवस्था उभी राहू शकते, हे त्यांनी पाहिले. परतल्यावर त्याच वर्षी ते कॅनडाच्या कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले. येथे आपल्या चळवळीतील वाचकाच्या मनात प्रश्न उभा राहणे साहजिक आहे. कम्युनिस्टांशी बाबासाहेबांचे मतभेद आपणा सर्वांना माहीत आहेत. हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला आणि बुद्धाचा मार्ग पुढे ठेवला. सोव्हिएत रशियात त्याच दशकात दुष्काळाने आणि दडपशाहीने लाखो माणसे मेली, याची नोंद बेथ्यून यांच्या लेखणीने घेतली नाही, हेही विसरता येत नाही. तेव्हा बेथ्यून यांचा पक्ष आपला मानण्याचे कारण नाही. पण डॉक्टरचा पक्ष न पटल्याने त्याचे निदान चुकीचे ठरत नाही. निदान पुराव्यावर तपासायचे असते.

डिसेंबर १९३५ मध्ये त्यांनी डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य व समाजसेवक यांना एकत्र करून जनतेच्या आरोग्य-सुरक्षेसाठी एक अभ्यासगट स्थापन केला. या गटाने निरनिराळ्या देशांतील आरोग्यव्यवस्थांचा अभ्यास केला. एप्रिल १९३६ मध्ये मॉन्ट्रियलच्या वैद्यकीय मंडळींच्या सभेत बेथ्यून बोलायला उभे राहिले. वैद्यकीच्या व्यवसायातून खाजगी नफा काढून टाका, रोग्याला भीक नको तर हक्क द्या आणि आरोग्यसेवा ही शिक्षणासारखी सार्वजनिक जबाबदारी माना, असा त्यांच्या मांडणीचा आशय होता. सभागृहातील प्रतिष्ठित डॉक्टरांना हे रुचले नाही, हे सांगायला नकोच.

त्यांचा गट भाषणावर थांबला नाही. ऑगस्ट १९३६ मध्ये क्वेबेक प्रांतात निवडणूक होती. गटाने आपला जाहीरनामा उमेदवारांकडे व वैद्यकीय संस्थांकडे पाठवला. त्यात एकदम क्रांतीची मागणी नव्हती. एखाद्या शहरात नगरपालिकेने सर्वांना वैद्यकीय सेवा द्यावी, एखाद्या भागात कामगारांसाठी सक्तीचा आरोग्यविमा करावा, दुसरीकडे ऐच्छिक विमा करून पाहावा आणि बेकारांच्या उपचाराची व्यवस्था सरकारी खर्चाने करावी, असे प्रयोग करून अनुभवावरून निर्णय घ्या, एवढेच सांगितले होते. निवडणूक मॉरिस द्युप्लेसी यांच्या पक्षाने जिंकली आणि जाहीरनाम्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही.

पुढची कहाणी जगाला ठाऊक आहे. निवडणुकीनंतर दोनच महिन्यांनी, ऑक्टोबर १९३६ मध्ये, त्यांनी नोकरी सोडली आणि फॅसिझमविरुद्ध लढणाऱ्या स्पेनची वाट धरली. रणांगणावर रक्त पोहोचवणारे फिरते पथक त्यांनी उभारले. स्वभाव तापट, मद्याची सवय, कोणाचे ऐकून घेण्याची तयारी कमी, यामुळे सहकाऱ्यांशी खटके उडाले आणि १९३७ साली त्यांना परतावे लागले. जानेवारी १९३८ मध्ये ते जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनकडे निघाले. उत्तर चीनच्या डोंगरात त्यांनी खेड्यातील तरुणांना वैद्यकीचे शिक्षण दिले, मंदिरांत व झोपड्यांत शस्त्रक्रिया केल्या. ऑक्टोबर १९३९ च्या अखेरीस हातमोज्याविना शस्त्रक्रिया करताना बोट कापले, जखमेत विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी हेबेई प्रांतातील एका खेड्यात वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. भारताने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातील डॉ. कोटणीस त्या भागात पोहोचले ते त्यांच्या मृत्यूनंतर. १९४१ साली बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद कोटणीसांनी स्वीकारले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यांनीही तिथेच देह ठेवला.

आता वकिलाच्या सवयीने बेथ्यून यांच्या निदानाची उलटतपासणी करू. कोणी म्हणेल, महामंदीत मृत्यू खरोखर वाढले काय? प्रामाणिक उत्तर असे की, एकूण आकड्यांत ते वाढले नाहीत. अमेरिकेच्या नोंदींचा पुढे अभ्यास झाला तेव्हा १९३० ते १९३३ या सर्वांत वाईट वर्षांतही सरासरी आयुर्मान वाढलेलेच दिसले. आत्महत्या मात्र वाढल्या होत्या. कॅनडातही क्षयाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण त्या दशकात घटतच होते. कारखाने थंड पडले की कामावरचे अपघात कमी होतात, रस्त्यावरची वाहने कमी होतात, अतिश्रम कमी होतात, अशी त्याची कारणे सांगितली जातात.

मग बेथ्यून चुकले काय? नाही. सरासरी ही अशी साक्षीदार आहे की जी खोटे बोलत नाही, पण सगळे सांगतही नाही. ज्याला अतिश्रमातून विश्रांती मिळाली आणि ज्याच्या घरची चूल विझली, त्या दोघांना ती एकाच ओळीत बसवते. बेथ्यून यांच्या टेबलावर सरासरी येत नव्हती, व्हर्डनचा बेकार येत होता. दुसरा पुरावा त्याहून बोलका आहे. अमेरिकन शहरांच्या अभ्यासात असे आढळले की, ज्या शहरांत सरकारने मदतीवर अधिक खर्च केला तिथे बालमृत्यू आणि आत्महत्या कमी झाल्या. याउलट १९९१ नंतर रशियात अर्थव्यवस्था कोसळली आणि आधारही एकदम काढून घेतला गेला, तेव्हा पुरुषांचे सरासरी आयुर्मान सुमारे ६४ वर्षांवरून १९९४ पर्यंत ५८ च्याही खाली आले. तात्पर्य, मंदी माणसे मारते की नाही हे मोठ्या प्रमाणात त्या वेळी शासन हात देते की हात झटकते यावर ठरते. कॅनडाने हा धडा उशिरा का होईना घेतला. १९६२ साली सस्कॅचवन प्रांताने, डॉक्टरांच्या संपाला तोंड देत, सर्वांसाठी सरकारी वैद्यकीय विमा सुरू केला आणि १९६६ साली त्यासाठी देशव्यापी कायदा झाला. ज्यांना मॉन्ट्रियलने ऐकले नाही त्यांना १९७२ साली त्याच देशाने राष्ट्रीय महत्त्वाची व्यक्ती म्हणून गौरवले.

आपल्याकडे काय झाले? बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले आणि त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आजारपणात उपचार आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई या दोन्ही गोष्टी हक्क म्हणून देणारी ही योजना आहे. संविधानाच्या ४७ व्या कलमाने पोषण आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले. ही दोन्ही एकाच वाक्यात ठेवली गेली, हे लक्षात घ्या. परंतु नाका कामगार, घरेलू कामगार, सफाईचे कंत्राटी कामगार, शेतमजूर हा आपला बहुसंख्य वर्ग आजही त्या विम्याच्या बाहेर आहे. कामगार न्यायालयात कामावरून काढलेल्या माणसाची कैफियत ऐकताना नोकरीच्या पाठोपाठ घरातले आजारपण आणि आजारपणाच्या पाठोपाठ सावकार, हा क्रम आम्हा वकिलांना तोंडपाठ झाला आहे.

२०२० च्या टाळेबंदीत हे सर्व पुन्हा दिसले. २०१९ साली देशात सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. रोग कमी झाला नव्हता. रोगी दवाखान्यापर्यंत पोहोचले नव्हते. आणि बेथ्यून जे सांगत होते त्याला आपल्याच देशातून पुरावा मिळाला आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा धान्य, डाळ इत्यादी शिधा देऊन पाहण्यात आला. दहा हजारांहून अधिक माणसांच्या या अभ्यासात शिधा मिळालेल्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तांदूळ आणि डाळ हेही क्षयावरचे औषधच आहे. क्षयरुग्णांना पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये देण्याची केंद्राची योजना आहे. ती आपल्या वस्तीतील किती रुग्णांच्या खात्यात वेळेवर पोहोचते, हे तपासणे कार्यकर्त्यांचे काम आहे.

यापुढे मंदीची चाहूल लागली की सरकार म्हणेल, तिजोरीत खडखडाट आहे, रुग्णालयांचा खर्च कमी करावा लागेल. त्याच वेळी आपण उभे राहून उलट मागणी केली पाहिजे, की मजुरी बुडाली तेव्हाच रेशन वाढले पाहिजे, दवाखान्याची फी तेव्हाच माफ झाली पाहिजे, आणि आजारी मजुराला भरपाई तेव्हाच मिळाली पाहिजे. प्रत्येक वस्तीत एखाद्या कार्यकर्त्याने खोकणाऱ्या माणसाला घरातून उठवून सरकारी दवाखान्यात नेण्याची जबाबदारी घ्यावी आणि दुसऱ्याने त्याच्या रेशनकार्डाचे व हजेरीच्या नोंदींचे कागद सांभाळावेत. हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. बेथ्यून यांचा जाहीरनामा १९३६ साली केराच्या टोपलीत गेला, कारण त्यामागे डॉक्टर होते पण व्हर्डनची संघटित वस्ती नव्हती. आपल्याकडे वस्त्याही आहेत, संघटनाही आहेत आणि ४७ वे कलमही आहे. मागणी करण्याचे काम तेवढे बाकी आहे.